काका, जरा बाहेर ओढाल का?

जळती सिगारेट दोन रंगांचा धूर सोडते, हे कधी निरखून पाहिलंय? खिडकीतून तिरकं ऊन यावं, मागची भिंत जरा गडद असावी आणि कुणीतरी सिगारेट ॲशट्रेच्या काठावर टेकवून ठेवलेली असावी. जळत्या टोकातून सरळ वर चढणारी ती बारीक रेघ निळसर दिसते. मग तोच माणूस सिगारेट उचलतो, झुरका घेतो, क्षणभर धरून ठेवतो आणि सोडतो. आता बाहेर पडणारा लोट पांढुरका, राखाडी असतो. तंबाखू तीच, कागद तोच, मग रंग दोन कसे?

निळ्या रेघेतले कण फार बारीक असतात. इतके बारीक कण प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात, म्हणून रेघ निळी दिसते. तोंडातून सोडलेला धूर मात्र आधी माणसाच्या छातीत फिरून आलेला असतो. तिथल्या दमट हवेत त्याचे कण ओलावा शोषून फुगतात, आणि फुगलेले कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून तो पांढरा. म्हणजे पांढरा धूर एका माणसाच्या शरीरातून गाळून आलाय. त्यातला बराच ऐवज ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात राहिलाय. निळा धूर कुणाच्याच छातीतून गेलेला नाही. त्याला पहिली छाती मिळते ती शेजारी बसलेल्याची.

झुरका घेताना सिगारेटचं टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. दोन झुरक्यांच्या मध्ये ती नुसती धुमसत असते, तेव्हा तापमान बरंच उतरतं आणि ज्वलन अर्धवट होतं. या अर्धवट जळण्यातूनच निळा धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसमाइन्स अशा काही पदार्थांचं प्रमाण वजनागणिक ओढलेल्या धुरापेक्षा जास्त भरतं. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. खोलीत साचणाऱ्या परक्या धुराचा साधारण ८५ टक्के भाग या निळ्या रेघेतूनच आलेला असतो. तोंडातून सोडलेला धूर उरलेला १५ टक्के. आपण मात्र तोंडातून निघालेल्या लोटाकडे बघून मान वळवतो. ॲशट्रेवर शांतपणे जळणाऱ्या सिगारेटकडे कुणाचं लक्षही नसतं.

१९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाचा एक शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांवर त्याने १४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांचे नवरे भरपूर ओढत, त्या स्त्रियांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, तंबाखू कंपन्यांनी त्यावर तुटून पडायचं बाकी ठेवलं नाही, पण पुढे देशोदेशींच्या अभ्यासांनी तोच निष्कर्ष पक्का केला. आज जगभर दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं, स्वतः न ओढताही, दुसऱ्याच्या धुरामुळे जिवाला मुकतात.

मला मात्र या सगळ्यात जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या शेजारी कुणी सिगारेट पेटवली, तर तिचं शरीर तत्क्षणी नकार देतं. नाक आखडतं. डोळे चुरचुरतात, पाणी येतं. घसा खवखवतो, खोकला येतो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते एका लयीत हलत राहून आत आलेली घाण घशाकडे ढकलत असतात. त्यांची ही धडपड दिवसरात्र चालू असते. या वयात फुफ्फुसं अजून वाढत असतात, विशीपर्यंत वाढत राहतात. म्हणून ही धडपड मोलाची. एवढं सगळं शरीर एकमुखाने ‘नको’ म्हणत असतं, आणि जीभ गप्प असते. मुलगी ओढणीचा पदर नाकाशी धरते आणि पुस्तकात मान घालून बसते.

शरीर पुढे नोंदही ठेवतं. धुरातलं निकोटीन रक्तात उतरतं आणि यकृत त्याचं कोटिनिन नावाच्या पदार्थात रूपांतर करतं. निकोटीन दोनेक तासांत निम्मं होतं, पण कोटिनिन निम्मं व्हायला साधारण १६ तास लागतात. त्यामुळे मुलीच्या लाळेचा एक थेंब तपासला, तरी तिने काल-परवा किती परका धूर घेतला याचा अंदाज प्रयोगशाळेत करता येतो. तिने तोंडातून चकार शब्द काढला नसला तरीही.

जीभ गप्प का राहते, याचं उत्तर शोधताना मला न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत जावंसं वाटतं. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी शहरी जीवनाच्या प्रश्नांवर मुलाखत घ्यायची म्हणून बोलावलं, एका छोट्या खोलीत बसवलं आणि आधी एक प्रश्नावली भरायला दिली. विद्यार्थी लिहायला लागला की भिंतीतल्या एका झरोक्यातून खोलीत पांढरा धूर सोडायचा. हळूहळू, पण न थांबता. चार मिनिटांत डोळ्यांपुढे धूसर व्हावं इतका.

विद्यार्थी खोलीत एकटा असला, तर चारातले तीन जण उठून बाहेर जाऊन कुणाला तरी सांगत. मग संशोधकांनी खोलीत आणखी दोघांना बसवलं. हे दोघे संशोधकांचीच माणसं होती आणि त्यांना एवढंच सांगितलं होतं की धूर आला की एकदा बघायचं, खांदे उडवायचे आणि पुन्हा लिहायला लागायचं. या खोलीत दहातल्या फक्त एका विद्यार्थ्याने तक्रार केली. बाकीचे नऊ जण बसून राहिले. खोकत होते, डोळे चोळत होते, कुणी खिडकी उघडली. पण प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारल्यावर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणाला ते एअर कंडिशनरचं काहीतरी वाटलं, आणि दोघांनी तर आपल्याकडून खरं वदवून घेण्यासाठी सोडलेला वायू असावा असाही तर्क लढवला. आग लागली असेल, असं गप्प बसलेल्यांपैकी कुणाच्याच तोंडून आलं नाही.

हे विद्यार्थी भित्रे नव्हते, निर्बुद्धही नव्हते. धूर म्हणजे काय हे ठरवण्यासाठी त्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा शेजारच्या दोघांच्या चेहऱ्यांवर जास्त भरवसा ठेवला. लग्नाच्या मांडवामागे, एसटी स्टँडच्या आडोशाला, सुट्टीत गावी गेल्यावर ओसरीवर मोठी माणसं ओढत बसतात तेव्हा तिथल्या मुलाचं नेमकं हेच होतं. सगळे निवांत आहेत. आजी काही बोलत नाही, आई चहा देऊन आत जाते. मग त्रास फक्त मलाच होतोय, म्हणजे माझंच काहीतरी बिनसलंय, असं त्याला वाटणं साहजिक आहे.

किशोरवयात तर इतरांच्या चेहऱ्यांकडे बघून ठरवण्याची ही ओढ आणखी तीव्र असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना मोटार चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला दिला. काहींना एकट्याने खेळायला लावलं, काहींना मित्रांच्या देखत, आणि दोन्ही गटांनी किती धोका पत्करला हे मोजलं. प्रौढांमध्ये फारसा फरक पडला नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मित्रांसमोर बराच जास्त धोका घेतला. या वयातल्या मेंदूला आपल्या बरोबरीच्यांची नजर खूप मोठी वाटते. त्यात आपल्याकडे मोठ्यांचा धाक वेगळाच. काका, मामा, आजोबा, बाबांचे साहेब यांना काही सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. ज्या मुलाला सकाळी ‘मोठ्यांना उलटून बोलू नये’ म्हणून बजावलंय, त्याच्याकडून संध्याकाळी पाहुण्यांना ‘इथे ओढू नका’ असं सांगण्याची अपेक्षा कशी करायची? आणि ही वेळ काही थोड्या मुलांवर येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी २९.५ टक्के मुलांना परका धूर सोसावा लागत असल्याचं दिसलं, ११.२ टक्क्यांना तर तो घरातच.

मग मुलं नाही म्हणायला शिकतात तरी कशी? बराच काळ मोठ्यांचा समज असा होता की धोका सांगितला की काम झालं. काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचं चित्र दाखवा, कर्करोगाचे आकडे सांगा, मूल आपोआप सावध होईल. १९७० च्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठात रिचर्ड इव्हान्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. मुलांना धोका आधीच माहीत असतो आणि तरीही ती मित्रांच्या दबावापुढे वाकतात, हे त्याला दिसत होतं. तीस वर्षांनी होणाऱ्या आजाराची भीती सातवीतल्या मुलाला आज, मधल्या सुट्टीत, उपयोगी पडत नाही. म्हणून त्याने दबावाचेच छोटे छोटे प्रसंग चित्रफितींतून मुलांना दाखवले आणि अशा वेळी काय बोलायचं हे आधीच शिकवलं. यामागची कल्पना विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडली होती: रोगाचा दुबळा जंतू टोचला की शरीर खऱ्या जंतूसाठी तयार होतं, तसं सौम्य दबावाला एकदा तोंड दिलं की मन खऱ्या दबावासाठी तयार होतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? सातवीचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा, जिथे असा तास चालू आहे. बाकं मागे सरकवलीत. एक मुलगा काका झालाय. त्याने दोन बोटांत खडूचा तुकडा धरलाय आणि पायावर पाय टाकून तो ऐटीत खुर्चीत बसलाय. दुसरा पुतण्या.

पहिल्या फेरीत पुतण्या जवळ जातो. “काका... ते... धूर...”

“काय रे?”

“काही नाही.” वर्ग खदाखदा हसतो, आणि हसण्यात ओळख असते, कारण हे सगळ्यांच्याच घरी होतं.

दुसऱ्या फेरीत तो पेटून उठतो. “काका, कळत नाही का तुम्हाला? किती घाण वास येतोय!” खुर्चीतला काका ताडकन सरळ होतो. “मला शिकवतोस? बापाने हेच शिकवलं का?” आता पुतण्याकडे उत्तर नाही आणि काकांच्या हातातला खडू तसाच आहे.

तिसऱ्या फेरीआधी बाई एवढंच सांगतात: काकांबद्दल बोलू नकोस, स्वतःबद्दल बोल, आणि काय हवंय ते नेमकं माग. पुतण्या श्वास घेतो. “काका, धुराने मला खोकला येतो. जरा अंगणात जाऊन ओढाल का? तोवर मी चहा आणतो.” खुर्चीतला मुलगा गोंधळतो. भांडायला काही धागाच उरलेला नसतो. तो खडूकडे बघतो आणि उठतो. “बरं बरं, जातो.”

पहिलं बोलणं मुळमुळीत, दुसरं तडकून, तिसरं ठाम. तिसऱ्या वाक्याची रचना बघण्यासारखी आहे. सुरुवातीला नात्याचा मान. मग स्वतःच्या शरीराची हकीकत, जिला कुणी खोटं म्हणू शकत नाही. मग एक नेमकी विनंती, जिला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं; आणि शेवटी समोरच्याला पडतं न घेता उठता यावं यासाठी ठेवलेली वाट. त्या मुलाने सिगारेट वाईट असते असं कुठेही म्हटलेलं नाही. ओढू नका असंही म्हटलेलं नाही. त्याने फक्त आपल्याभोवतीची हवा मागून घेतली. लहान तोंडात मावेल एवढाच हा घास आहे, आणि तो थोरामोठ्यांचा मान राखूनच घेतलाय. आणि ज्याने काका केला, तोही काही शिकून उठतो. कुठल्या शब्दाने राग उसळला आणि कुठल्या शब्दाने तो निवला, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलेलं असतं.

आपल्याला जमेल ही खात्री माणसात कुठून येते, याची मांडणी अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. तिचे चार झरे त्यांनी सांगितले: स्वतःला एकदा जमलेलं असणं, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं, भरवशाच्या माणसाने ‘तुला जमेल’ म्हणणं, आणि त्या क्षणी आपल्या शरीराची जी अवस्था होते तिचा आपण लावलेला अर्थ. पहिले तीन सहज पटतात. चौथ्यापाशी मी नेहमी थबकते. काकांजवळ जाताना मुलाची छाती धडधडते, तळहात ओले होतात. नवशिका याचा अर्थ लावतो: मी घाबरलोय, मला जमणार नाही. पाच-सहा वेळा सराव केलेला मुलगा त्याच धडधडीचा अर्थ लावतो: बोलायची वेळ आली. हृदयाचे ठोके तितकेच असतात, पण एक माघारी फिरतो आणि दुसरा बोलतो. खडूच्या तुकड्याशी केलेल्या नाटकातून एवढा बदल घडावा, हे मला आजही चकित करतं.

अशा शिकवण्याचा परिणाम आपल्या देशात मोजला गेलाय. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ असा उच्चार होईल अशा बेताने आद्याक्षरं जुळवलेला एक प्रकल्प झाला. के. श्रीनाथ रेड्डी, अमेरिकेतल्या शेरिल पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालवला. सुरुवातीच्या पाहणीनेच सगळ्यांना धक्का दिला: सहावीतली मुलं आठवीतल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात तंबाखू वापरत होती. पुढची दोन वर्षं निम्म्या शाळांत मुलांनीच मुलांना शिकवलं. वर्गातून निवडलेले म्होरके गटचर्चा घेत, खेळ आणि पथनाट्यं बसवत. दोन वर्षांनी पाहिलं तर ज्या शाळांत काही शिकवलं नव्हतं तिथे तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता, आणि जिथे शिकवलं तिथे तो १७ टक्क्यांनी घटला होता. मुंबईतही सलाम बॉम्बे फाउंडेशनने महापालिकेच्या शाळांत जीवनकौशल्यांचे असेच तास घेतले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या शाळांतल्या आठवी-नववीच्या ४.१ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात तंबाखू वापरल्याचं सांगितलं. तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत हेच प्रमाण ८.७ टक्के होतं. हे आकडे मुलांच्या स्वतःच्या वापराचे आहेत, परक्या धुराचे नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. पण ज्या बळावर मूल मित्राच्या हातातली पुडी नाकारतं, त्याच बळावर ते काकांना अंगणात पाठवतं, असं मला ठामपणे वाटतं.

लाताने-डार्लींच्या खोलीची एक बाजू अजून सांगायची राहिली आहे, आणि ती सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगातून दिसते. समोर तीन रेघा, त्यांतली दिलेल्या रेघेएवढी कोणती ते सांगायचं. इतकं सोपं की चूक होऊच नये. पण बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि ते ऐकून खरा उमेदवारही साधारण तीनातल्या एका वेळी चुकीच्या सुरात सूर मिळवी. मग ॲशने गटातल्या फक्त एकाला बरोबर उत्तर द्यायला सांगितलं. सूर मिळवण्याचं प्रमाण एकदम चौथ्या हिश्शावर आलं. बाकी सगळे अजूनही चुकीचंच बोलत होते. एकच सोबती, आणि एवढा फरक!

किशोरवयातल्या मुलांसाठी यापेक्षा कामाची गोष्ट मला तरी माहीत नाही. नाही म्हणायला अंगात वाघाचं काळीज असावं लागतं, हा समज किती मुलांना गप्प ठेवत असेल! खरं म्हणजे बरोबर एक बहीण असली तरी पुरतं. दोघींनी आधी ठरवलेलं असावं, की मामा आत ओढायला लागला तर तू सुरुवात कर, मी लगेच ‘हो मामा, मलाही होतो त्रास’ म्हणेन. केरळमधल्या काही वस्त्यांत हेच मोठ्या माणसांच्या पातळीवर करून पाहिलं गेलं. नवऱ्याला किंवा घरी आलेल्या पाहुण्याला बाहेर ओढायला सांगणं एकट्या बाईला जड जात होतं. मग सगळ्या वस्तीने मिळून ठरवलं की आमच्या घरांत कुणी ओढणार नाही. आता पाहुण्याला सांगताना त्या बाईला स्वतःचं मत मांडायचं नव्हतं, वस्तीची रीत सांगायची होती. पाहुण्याचाही अपमान झाला नाही.

कायदा हाही असाच एक सोबती. मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस आणि रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. आधार घेतला तो घटनेतल्या जगण्याच्या हक्काचा. जो ओढत नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या ओढण्याचे रोग का यावेत, एवढा सरळ तो विचार. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांबद्दलचे कडक नियम देशभर लागू झाले. हॉटेलच्या किंवा कचेरीच्या दारावरची ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र’ ही पाटी आपण रोज पाहतो. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव तिथे ठळकपणे लावलेलं असलं पाहिजे, असं नियम सांगतो. पुष्कळ ठिकाणी ती जागा कोरीच दिसते. तुमच्या आसपासच्या पाट्यांवर नाव आहे का, हे पाहण्याचं काम नववीतल्या मुलांना द्यावं. याहून चांगला नागरिकशास्त्राचा तास नाही.

घर मात्र कायद्याच्या बाहेर राहतं. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद झालं. त्याआधी आणि नंतर तिथल्या साधारण अकरा वर्षांच्या मुलांच्या लाळेतलं कोटिनिन मोजलं. न ओढणाऱ्या मुलांमध्ये ते ३९ टक्क्यांनी घसरलेलं निघालं. बाहेर बंदी आली की लोक घरात जास्त ओढतील, ही भीती खोटी ठरली. पण ज्या मुलांची आई ओढत होती, त्यांच्या लाळेत म्हणावा असा फरक पडला नाही. लाळेच्या थेंबाने सांगितलं की कायद्याचा हात उंबऱ्यापर्यंतच पोचतो. आपल्याकडे २०१६-१७ च्या पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी घरात परका धूर सोसावा लागत असल्याचं सांगितलं.

म्हणून शेवटी गाडी पुन्हा बाबांपाशी, काकांपाशी येते. आणि तिथे मुलांना एका गोष्टीची आधीच कल्पना द्यायला हवी: समोरून येणारं पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘बरं’ नसतं, ‘खिडकी उघड’ असतं. किंवा ‘पंखा लाव’. किंवा ‘तू घरात नसताना ओढतो’. यांतलं काहीच पुरेसं नाही. २००६ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्ट सांगितलं की परक्या धुराची कुठलीही सुरक्षित मात्रा नाही, आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून त्याचा धोका पूर्ण जात नाही. धूर दिसेनासा झाला तरी निकोटीन पडद्यांवर, गादीवर, भिंतीवर चिकटून राहतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की असं चिकटलेलं निकोटीन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नवे कर्करोगकारक पदार्थ तयार करतं. सिगारेट विझली तरी तिची रसायनं पडद्यावर आपलं काम करतच राहतात. ‘खिडकी उघड’ म्हटल्यावर ‘बाबा, खिडकीने जात नाही तो, बाहेरच जा ना’ हे दुसरं वाक्य मुलाच्या तोंडी तयार असेल, तर त्याने अर्धी लढाई मारली.

आणि नाहीच ऐकलं तर? तर मुलाने उठून जावं. दुसऱ्या खोलीत, अंगणात, शेजारी. आईला, आजीला, शाळेतल्या बाईंना सांगावं. ज्या घरात वडिलांच्या रागाला हात उगारायची सवय आहे, तिथे वाद घालायला जाऊच नये. उठून जाणं हाही नकारच आहे आणि त्यात हार नाही. धूर आवरण्याची जबाबदारी ओढणाऱ्या मोठ्या माणसाची आहे. ती मुलाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळं होऊ शकत नाही.

बांडुरांच्या चार झऱ्यांतला सगळ्यांत जोराचा झरा पहिला, एकदा जमलेलं असण्याचा. आणि तो उघडणं मोठ्यांच्याच हातात आहे. लेक पहिल्यांदा, चाचरत, ‘बाबा, बाहेर ओढाल का’ असं म्हणते, तेव्हा बाबा काहीही न बोलता उठून फाटकाबाहेर गेले, तर त्या संध्याकाळी तिला कुठल्याही तासात मिळणार नाही ते मिळतं. रिक्षात बिडी पेटवणाऱ्या चालकाला, कॉलेजच्या सहलीत मागच्या सीटवरून धूर सोडणाऱ्या मित्राला सांगण्याचं बळ तिला पुढे तिथूनच येईल. आणि फाटकाबाहेर उभं असताना बाबांना वाटलंच की आता सोडावी, तर मदतीचा फोन शोधायला कुठे जावं लागत नाही. १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो.